पुढल्या चाकांचा आंस

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनाचाच इतिहास लिहितात. ओटो, डाइमलर, बेंझ, डीझेल हीं नांवें शाळकरी मुलांच्याहि कानांवरून गेलेलीं असतात. परंतु इंजिनांत उत्पन्न झालेली शक्ति चाकापर्यंत पोंचावी कशी, या प्रश्नालाहि स्वतःचा असा एक इतिहास आहे. तो इंजिनाच्या इतिहासाहून जुना आहे, अधिक वांकडातिकडा आहे. आणि ज्ञान व गरज यांची गांठ कशी पडते, किंवा कशी पडत नाहीं, हें त्यांतून जितकें स्पष्ट दिसतें तितकें इंजिनाच्या इतिहासांतून दिसत नाहीं. म्हणून या दुर्लक्षित भागाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें योजिलें आहे.

आज रस्त्यांवर धांवणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांचें इंजिन पुढें असतें आणि तें पुढलींच चाकें फिरवितें. गिअरबॉक्सांतून डाव्या व उजव्या बाजूस एक एक पोलादी दांडा निघतो व चाकाच्या मध्यभागीं शिरतो. यालाच मिस्त्री लोक 'एक्सल' किंवा 'ड्राइव्ह शाफ्ट' म्हणतात. आपण त्याला आंस म्हणूं. त्याच्या दोन्ही टोकांस एक एक सांधा असून त्यावर घड्याघड्यांचा रबरी बूट चढविलेला असतो. अमेरिकेंत व युरोपांत कारागिराची मजुरी भारी असल्यामुळें हा आंस निकामी झाला म्हणजे तो घरच्या अंगणांतच बदलणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. ज्याला पाना धरतां येतो आणि सावधपणा अंगीं आहे, त्याला हें एका सुटीच्या दिवसाचें काम आहे. मात्र त्या दिवशीं त्याच्या हातांत जो तेलकट दांडा येतो, त्याच्या टोंकाशीं अडीचशें वर्षें न सुटलेला एक प्रश्न सुटून बसलेला असतो, याची त्याला सहसा कल्पना नसते.

तो प्रश्न समजण्यास फारशा यंत्रविद्येची जरुरी नाहीं. बैल गाडीच्या पुढें जुंपावे, मागें नव्हे, हें शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. यंत्राच्या गाडीलाहि हाच न्याय लावावा, म्हणजे पुढल्या चाकांनीं गाडी ओढावी, ही कल्पना सुचणें स्वाभाविक होतें. तिचे फायदेहि उघड आहेत. इंजिनाचें ओझें ज्या चाकांवर पडतें तींच चाकें ओढूं लागलीं तर त्यांची जमिनीवरील पकड चांगली राहते. शिवाय इंजिनाकडून मागील चाकांपर्यंत गाडीच्या पोटाखालून लांब दांडा न्यावा लागत नाहीं; त्यामुळें बैठक खालीं घेतां येते आणि माणसांना जागा अधिक मिळते. अडचण एवढीच कीं, पुढल्या चाकाला दोन कामें एकदम करावीं लागतात. त्याला फिरावेंहि लागतें आणि वळावेंहि लागतें. जो दांडा चाकाला फिरवितो त्यानें चाक वळतांना स्वतःहि मध्येंच मुडपावें, आणि मुडपलेल्या स्थितींतहि पहिल्याइतक्याच समगतीनें फिरत राहावें, हें साधावयाचें कसें?

पहिल्या माणसानें ही अडचण सोडविली नाहीं, ती टाळली. १७६९ सालीं निकोला-जोझेफ क्यूञो नांवाच्या फ्रेंच सेनेंतील अभियंत्यानें तोफा ओढण्यासाठीं वाफेची गाडी बनविली. तिला तीन चाकें होतीं व पुढलें एकच चाक वाफेनें फिरे. चाक वळतांना मध्यें सांधा नको म्हणून त्यानें बाष्पपात्र व नळकांडीं सगळींच त्या चाकाच्या चौकटीवर लादलीं. चाक वळवावयाचें म्हणजे तो सारा संसारच त्याच्याबरोबर वळवावयाचा. या गाडीचें दुसरें रूप पॅरिसच्या कला व हुन्नर यांच्या संग्रहालयांत अद्यापि ठेविलेलें आहे. तें पाहणाऱ्यास हसूं येतें खरें; पण आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या या आद्यपुरुषानें मागल्या चाकांनीं ढकलण्याऐवजीं पुढल्या चाकानें ओढण्याचा मार्ग पत्करला होता, हें विसरतां कामा नये.

वस्तुतः मुडपणारा सांधा क्यूञोच्या कितीतरी आधीं माहीत होता. जहाज हेलकावलें तरी होकायंत्र समपातळींत राहावें म्हणून कड्यांत कडीं अडकविण्याची रचना सोळाव्या शतकांतील इटालियन गणिती जिरोलामो कार्दानो यानें वर्णिली आहे. ती त्याची स्वतःची नव्हे, पूर्वापार चालत आलेली होती; तरी युरोपांतील अनेक भाषांत सांध्याला नांव मात्र त्याचेंच चिकटलें. एका दांड्याच्या टोंकास दुबेळकें, दुसऱ्याच्या टोंकास दुबेळकें, आणि दोहोंच्या मध्यें चार टोंकांचा क्रूस, अशी या सांध्याची रचना. आपल्याकडील गॅरेजांत याच क्रुसाला 'क्रॉस' म्हणतात. १६६४ सालीं गास्पार शॉट या जर्मन जेझुइट पंडितानें आपल्या ग्रंथांत या सांध्याचें वर्णन करून असें सांगितलें कीं, याच्या योगें दोन्ही दांडे समान गतीनें फिरतात. पाहणाऱ्याला तसें वाटतेंहि. एक दांडा एकदां फिरला कीं दुसराहि एकदांच फिरतो. मग फरक कोठें आहे?

फरक आहे तो फेऱ्यांच्या संख्येंत नव्हे, फेऱ्याच्या पोटांत आहे; आणि तो नेमका ओळखण्याचा मान इंग्लंडांतील रॉबर्ट हूक याचा आहे. रॉयल सोसायटीच्या प्रयोगांची व्यवस्था पाहणारा, स्प्रिंगचा नियम शोधून काढणारा आणि न्यूटनशीं वैर जडल्यामुळें पुढें बराच काळ विस्मृतींत गेलेला हा विलक्षण पुरुष. सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणांवरील १६७६ च्या आपल्या पुस्तिकेंत त्यानें या सांध्यास 'युनिव्हर्सल जॉइंट' हें नांव दिलें. सांधा मुडपलेला असतांना पहिला दांडा अगदीं समगतीनें फिरविला तरी दुसरा दांडा प्रत्येक फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतो आणि दोनदां मागें रेंगाळतो, हें हूकच्या लक्षांत आलें. गंमत अशी कीं, त्याला हा दोष वाटला नाहीं. त्याला त्यांत सूर्यघड्याळ दिसलें.

ही गोष्ट थोडी उलगडून सांगण्यासारखी आहे. आडव्या पाटावरील सूर्यघड्याळांत, ज्याचा कांटा पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसविलेला असतो अशांत, तासांच्या रेषा सारख्या अंतरावर नसतात. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश. तेथील अशा घड्याळांत दुपारीं बारा ते एक या तासांत सावली जेमतेम ५ अंश सरकते. तीच संध्याकाळीं पांच ते सहा या तासांत सुमारें ४० अंश सरकते. सूर्य तर आकाशांत तासाला १५ अंश या एकाच गतीनें चालला आहे. सावली मात्र कधीं रेंगाळते, कधीं धांवते. कारण सूर्याची गति एका पातळींत आणि पाट दुसऱ्या, तिरप्या पातळींत. हूकनें ओळखलें कीं मुडपलेल्या सांध्यांतील दोन दांड्यांचें नातेंहि अगदीं हेंच आहे. एक दांडा सूर्य, दुसरा सावली. तेव्हां सांधा योग्य त्या कोनांत मुडपून एक दांडा पंधरा पंधरा अंशांनीं फिरविला कीं दुसऱ्यावर सूर्यघड्याळाच्या रेषा आपोआप आंखून मिळतील. नियम एक; तो आकाशांतहि लागू आणि लोखंडांतहि लागू. सतराव्या शतकांतील बुद्धीला आनंद देणारी गोष्ट ती हीच.

हूकनें पुढें १६८३ सालीं या असमतेवर उपायहि सुचविला. एका सांध्याची चूक दुसऱ्यानें भरून काढावी: दोन सांधे मध्यल्या दांड्याच्या दोन टोंकांस काटकोनाच्या फरकानें बसवावे, म्हणजे पहिल्यानें पुढें काढलेली गति दुसरा मागें ओढील. सिद्धांत इथपर्यंत पोंचला आणि तेथेंच अडीच शतकें थांबला. कारण त्याची कोणाला निकड नव्हती. पवनचक्क्या, पाणचक्क्या, गिरण्या यांचे दांडे सरळ चालत; जेथें वळावयाचें तेथें दांतेरी चाकें होतीं. गरजेवांचून ज्ञान किती काळ निजून राहूं शकतें, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

मोटारी आल्या तरी ही निकड एकदम भासली नाहीं. १८९१ च्या सुमारास फ्रान्समध्यें पानार व लव्हास्सोर यांनीं इंजिन पुढें, जोर मागल्या चाकांवर, ही मांडणी रूढ केली आणि तीच जगभर चालली. १८९८ सालीं लुई रनो यानें आपल्या पहिल्या गाडींत साखळीच्या ऐवजीं कार्दान सांध्यांचा दांडा मागील चाकांकडे नेला. मागलीं चाकें वळत नाहींत. दांड्याला मुडपावें लागतें तें थोडेंसेंच. कोन लहान असला म्हणजे असमताहि लहान असते, आणि दोन सांधे एकमेकांचा हिशेब फेडून टाकतात. त्यामुळें बैल मागें जुंपलेली ही गाडी दीर्घकाळ निर्वेध चालली.

पुढल्या चाकांची गोष्ट निराळी. वळणावर चाक तीस अंश किंवा अधिकहि वळतें. साध्या सांध्याला तीस अंशांचा कोन दिला आणि एक दांडा मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या वेगानें फिरविला, तर दुसऱ्याचा वेग ८६६ व १,१५५ यांच्या दरम्यान हेलकावे खातो; आणि हें प्रत्येक फेऱ्यांत दोनदां घडतें. चाकाचा परीघ १.८ मीटर धरला तर ताशी वीस किलोमीटरच्या मंद चालींतहि दर सेकंदास असे सहा हिसके बसतात. ते चाकाच्या रबराला, गिअरच्या दांत्यांना आणि सुकाणूवरील हातांना बसतात. हूकला जी सावलीची रम्य लीला वाटली, ती मोटारवाल्याच्या मनगटांना शिक्षा झाली. अमेरिकेंतील जे. वॉल्टर ख्रिस्ती यानें १९०७ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतींत पुढल्या चाकांनीं चालणारी गाडी उतरविली, आणि १९२५ च्या इंडियानापोलिसच्या शर्यतींत हॅरी मिलर याची तशीच गाडी दुसरी आली. परंतु शर्यतीची गाडी हांकणाऱ्याचीं मनगटें आणि डॉक्टराची किंवा व्यापाऱ्याची मनगटें यांत अंतर आहे. घरगुती गाडीसाठीं सांधा मुळापासूनच बदलणें भाग होतें.

१९२६ हें साल या इतिहासांत मोलाचें. त्याच सालीं अटलांटिकच्या दोन तीरांवर दोन निराळीं उत्तरें निघालीं. फ्रान्समध्यें पिएर फनाय आणि ज्यां-आल्बेर ग्रेग्वार या दोघां मित्रांनीं एकांत एक घसरणाऱ्या तुकड्यांचा 'ट्राक्टा' सांधा तयार केला आणि तो बसविलेली गाडी पुढल्याच वर्षीं ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत नेली. अमेरिकेंत फोर्डच्या कारखान्यांतील आल्फ्रेड हान्स झेपा या अभियंत्यानें पोलादी गोळ्यांचा सांधा योजिला. आज घरीं आंस बदलणाऱ्या गृहस्थाच्या हातांत चाकाच्या बाजूचा जो सांधा येतो तो बहुधा या झेपाचाच वंशज असतो.

त्यामागील कल्पना इतकी सुंदर आहे कीं ती सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. दोन दांडे एकमेकांशीं कोन करून उभे आहेत. त्यांच्या मधोमध, तो कोन बरोबर दुभागला जाईल अशा रीतीनें एक आरसा उभा केला आहे असें समजा. आतां एक दांडा दुसऱ्याचें प्रतिबिंब झाला. गति ज्या बिंदूंतून एकाकडून दुसऱ्याकडे जाते, ते सगळे बिंदु जर सदैव त्या आरशाच्या पातळींतच राहिले, तर एकाची गति ही दुसऱ्याच्या गतीची तंतोतंत प्रतिमा होईल. आणि बिंब स्थिर चालींत असतां प्रतिबिंब हिसके कसें देईल? झेपानें आंतल्या गोलाकार तुकड्यावर सहा खांचा कोरल्या, बाहेरील वाटीच्या आंतून सहा कोरल्या, दोहोंच्या मध्यें सहा गोळ्या, म्हणजे मिस्त्री ज्यांना छर्रे म्हणतात त्या, ठेविल्या, आणि त्यांना एका पिंजऱ्यांत अडकविलें. सांधा कसाहि मुडपा, ते सहा छर्रे त्या दुभागणाऱ्या पातळींतच राहावयाचे. हूकच्या सावलीला अखेर सूर्याच्या चालीनें चालावयास शिकविलें तें असें.

तरी पण कागदावरील उत्तर आणि रस्त्यावरील उत्तर यांत आणखी एक दरी होती. ती ओलांडतांना ज्यानें सर्वस्व गमावलें त्याचें नांव आंद्रे सित्रोएन. दांतेरी चाकांच्या कारखान्यापासून आरंभ केलेला हा धाडसी कारखानदार. त्याच्या गाड्यांवरील दोन उलट्या 'व्ही' ची खूण त्या दांत्यांचीच आहे. त्यानें पॅरिसमधील आपला कारखाना नव्यानें बांधून काढला आणि एप्रिल १९३४ मध्यें 'ट्राक्स्याँ आव्हां', म्हणजे 'पुढून ओढणारी', ही गाडी बाजारांत आणली. नांवांतच प्रतिज्ञा होती. परंतु घाईनें आणलेल्या त्या गाडीला आरंभीं नाना दुखणीं जडलीं, आणि चाकांकडील दांडे व सांधे हें त्यांतलेंच एक होतें. कर्जाचा भार असह्य होऊन डिसेंबर १९३४ मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें. मिशलॅं या टायर करणाऱ्या धनको घराण्यानें ती ताब्यांत घेतली. आणि जुलै १९३५ मध्यें सित्रोएन वारला. गाडी मात्र सुधारत गेली. १९५७ पर्यंत ती निघत होती व तिच्या सुमारे साडेसात लाख प्रती रस्त्यावर आल्या. अमेरिकेंत १९२९ सालीं निघालेल्या कॉर्ड कंपनीच्या पुढल्या चाकांच्या गाडीवर तर त्याच वर्षीच्या मंदीची कुऱ्हाड कोसळली. जर्मनींत १९३१ पासून डीकेडब्ल्यूच्या छोट्या गाड्या मात्र बऱ्या खपल्या.

शांततेच्या काळांत ज्या सांध्याला गिऱ्हाईक मिळेना, त्याला युद्धानें मिळवून दिलें. दुसऱ्या महायुद्धांतील जीप चारहि चाकांनीं चालावयाची होती. म्हणजे तिचीं पुढलीं चाकें फिरणारीं आणि वळणारीं असणें अपरिहार्य होतें. लक्षावधि जीपगाड्यांत ट्राक्टाचे, झेपाचे आणि कार्ल वाइस याच्या पद्धतीचे असे तिन्ही प्रकारचे सांधे बसविले गेले. ज्या कारखान्यांतून जे मिळतील ते. चिखलांतून आणि वाळवंटांतून झालेली ही परीक्षा कोणत्याहि प्रयोगशाळेंत होऊं शकली नसती. युद्धानंतर चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीस जीप जुळवावयास आरंभ केला. वळणाऱ्या चाकाला फिरविणाऱ्या या सांध्यांशीं महाराष्ट्रांतील कित्येक कारागिरांचा पहिला परिचय झाला असेल तो तिच्याच पुढल्या आंसाखालीं बसून.

घरगुती गाडीच्या बाबतींत निर्णायक पाऊल पडलें तें १९५९ सालीं. सुएझच्या पेंचप्रसंगामुळें इंग्लंडांत पेट्रोलची टंचाई भासली आणि लहान, काटकसरी गाडीची हांक उठली. अलेक इसिगोनिस यानें इंजिन आडवें बसविलें, गिअर त्याच्याच पोटांतील तेलांत ठेविले आणि अवघ्या दहा फुटांच्या 'मिनी' गाडींत चौघांची सोय केली. तिचीं दहा इंची चाकें वळवून फिरविणारा सांधा झेपाच्याच पद्धतीचा होता व तो बर्मिंगहॅमच्या हार्डी स्पायसर या कारखान्यांत सुधारून काढलेला होता. आतां पोलाद सुधारलें होतें, घांसण्याची यंत्रें केसाच्या अंशाइतकी अचूक झालीं होतीं, वंगणें टिकाऊ झालीं होतीं. इटलींत दान्ते जाकोसा यानें गिअरबॉक्स आडव्या इंजिनाच्या रांगेंत मांडला. १९६९ च्या फियाट १२८ या गाडीनें ती मांडणी घरोघर नेली, आणि १९७४ च्या फोक्सवागेन गोल्फनंतर लहान गाडीला दुसरी रीत जणूं उरलीच नाहीं.

आपल्याकडे हा पालट एकाएकीं झाला. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी 'पद्मिनी' असो, वा बंगालमधील 'अँबॅसडर' असो, दोन्ही मागल्या चाकांनीं चालणाऱ्या. डिसेंबर १९८३ मध्यें 'मारुति ८००' आली आणि पुढल्या चाकांचा आंस मध्यमवर्गीय घराच्या दारांत येऊन उभा राहिला. पद्मिनीच्या पोटाखालीं निजून 'क्रॉस' बदलण्यांत ज्यांची हयात गेली त्या मिस्त्र्यांना एकदम नवा सांधा, नवें वंगण आणि नवे आवाज ओळखावे लागले. त्यांनीं ते थोड्याच दिवसांत आत्मसात् केले, ही त्यांच्या कौशल्याची साक्ष. परंतु ज्या भांडणाचा हा निकाल होता तें भांडण आपल्या कारखान्यांत झालेलें नव्हतें. उत्तर आपल्याला आयतें मिळालें; प्रश्न मात्र कोणी सांगितला नाहीं.

आतां अंगणांतील त्या गृहस्थाकडे येऊं. त्याचा आंस निकामी झाला तो पोलाद मोडून नव्हे. बहुधा रबरी बूट फाटून. बूट फाटला कीं फिरत्या सांध्यांतील ग्रीस बाहेर फेकलें जातें आणि धूळ व पाणी आंत शिरतें. मग खांचा झिजतात, आणि गाडी पुरती वळवितांना चाकापासून कट्‌ कट्‌ असा आवाज येऊं लागतो. तो बाहेरच्या सांध्याचा आवाज. सरळ चालींत वेग वाढवितांना धक्का जाणवला किंवा कांपरें भरलें तर संशय आंतल्या, गिअरबॉक्सजवळील सांध्यावर. त्याला फारसें मुडपावें लागत नाहीं. पण चाक खड्ड्यांत खालींवर झालें कीं आंसाची लांबी कमीजास्त व्हावी लागते. म्हणून त्यांत बहुधा तीन रूळ खोबणींतून आंतबाहेर सरकतील अशी सोय असते.

कामाचा क्रमहि या रचनेंतूनच ठरतो. चाकाच्या मध्यावरील मोठा नट गाडी जमिनीवर असतांनाच सैल करावयाचा, कारण तो अतिशय घट्ट आवळलेला असतो आणि उचललेलें चाक नुसतेंच फिरतें. त्याची मुडपलेली कड किंवा खिळ आधीं सोडवून घ्यावी लागते. मग जॅकनें गाडी उचलून ती भक्कम घोडीवर टेकवावयाची. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात किंवा डोकें कधींहि घालूं नये. चाक काढून खालचा गोळीचा सांधा सोडविला कीं हब बाहेर झुकतो व आंसाचें दांतेरी टोंक त्यांतून मागें सरतें. या वेळीं ब्रेकच्या नळीवर कशाचेंहि वजन लोंबकळूं देतां कामा नये. आंतलें टोंक एका लहान स्प्रिंगच्या कड्यानें अडकलेलें असतें. तें पहारीसारख्या हत्यारानें अलगद उचकटावें, दांडा धरून ओढूं नये, नाहींतर सरकणारा सांधा आंतल्या आंत सुटून येतो. गिअरबॉक्सांतील तेल खालीं भांड्यांत धरावें. नवा आंस बसवितांना तेथल्या तेलबंद कड्याला ओरखडा न लागेल असें जपावें, कडें बसल्याची खूण हाताला पटवून घ्यावी, नट नवा घालावा, आणि चाक जमिनीवर टेकवून तो कारखान्यानें सांगितलेल्या मापानेंच आवळावा. शेवटीं तेलाची पातळी पाहावी. यांतील एकहि पायरी मनमानी नाहीं.

पूर्वीं कारागीर नुसता बूट बदलीत, ग्रीस भरीत, किंवा एकटा बाहेरचा सांधा बदलीत. आपल्याकडे अजूनहि तसें करणारे आहेत. पण बूट बदलण्यासाठींहि आंस उपसावाच लागतो, श्रम तेवढेच. म्हणून जेथें मजुरी महाग तेथें दोन्ही सांध्यांसह अखंड आंसच नवा घालण्याची चाल पडली. हिशेबाच्या दृष्टीनें तें योग्यच आहे, व त्याबद्दल नाक मुरडण्याचें कारण नाहीं. मात्र त्यायोगें सांधा उघडण्याचा प्रसंगच टळतो, आणि वस्तु बदलतां येणें म्हणजेच वस्तु कळणें असा समज होऊं लागतो. याची उलट बाजू आमच्या महाविद्यालयांत आहे. यंत्रशास्त्राचा विद्यार्थी हूकच्या सांध्याचें सूत्र पाठ करतो व परीक्षेंत तें निर्दोष मांडतो. पण तेंच सूत्र मंदिराच्या अंगणांतील सूर्यघड्याळाचें आहे, आणि त्याच सूत्रानें सांगितलेला दोष काढण्यासाठीं दाराशीं उभ्या असलेल्या गाडींत सहा छर्रे बसविलेले आहेत, हें त्याला बहुधा कोणी दाखविलेलें नसतें. एकाच्या हातांत सांधा आहे, प्रश्न नाहीं. दुसऱ्याच्या वहींत प्रश्न आहे, सांधा नाहीं.

हूकजवळ ज्ञान होतें, गरज नव्हती. सित्रोएनजवळ गरज होती, पण तिला पुरे पडेल इतकी पक्की कारागिरी अजून हातीं आली नव्हती. हीं तिन्ही एका ठिकाणीं जमलीं तेव्हांच अंगणांत सुटींत बदलतां येण्याजोगी ही साधी वस्तु निर्माण झाली. ज्या समाजाला पुढला सांधा स्वतः शोधावयाचा असेल त्याच्या घरांतहि हीं तिन्ही एकत्र नांदलीं पाहिजेत, आणि त्याचा आरंभ फार थोड्या खर्चांत होण्यासारखा आहे. जुना आंस भंगारवाल्याला देण्यापूर्वीं त्याचा बाहेरचा बूट कापावा, काळें ग्रीस पुसून काढावें, आणि वाटी एका हातांत घट्ट धरून दुसऱ्या हातानें दांडा सावकाश कलवावा. दांडा जेवढा कलतो त्याच्या बरोबर निम्म्यानें आंतला पिंजरा कलतांना दिसेल. हें घरांतील मुलांना एकदां दाखवावें, आणि तो निम्म्यानेंच कां कलतो, असें त्यांना विचारावें.